वाचकाची वाटी

गुरुवार, १० जुलै २०२५. आषाढ पौर्णिमा. सकाळी ६.

सर्वप्रथम क्षमायाचना. रोजनिशी कर्तृत्ववान माणसांनी लिहावी असा संकेत आहे. माझे कर्तृत्व दहावीला शाळेत पहिली आणि बारावीला मराठीत तालुक्यात पहिली, एवढ्यावरच थांबलेले आहे. चारचौघांत माझा आवाज अद्याप कोणी ऐकलेला नाही. कॉलेजात हजेरीलासुद्धा मी हात वर करते. असे असताना स्वतःविषयी लिहिण्याचा उद्धटपणा मी करीत आहे, त्याबद्दल या वहीने मला क्षमा करावी. ही वही अन्य कोणासाठी नाही.

कारण मात्र मोठे आहे. आजपासून वर्षावास. आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे नव्वद दिवस, आमच्या विहारात रोज सायंकाळी सात वाजता धम्मग्रंथाचे वाचन होईल आणि यंदाची वाचक मी आहे. अकरा वर्षे हे काम निवृत्त मुख्याध्यापक राजानंद गुरुजींनी केले. आता त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. समितीपुढे त्यांनीच माझे नाव मांडले. म्हणाले, "पोरीचा आवाज बारीक हाय, पण उच्चार बराबर हाय. अन् आवाजाला माईक हाय की." विहाराच्या छतावर कर्णा आहे. आवाज थेट एसटी स्टँडपर्यंत जातो.

पद्धत गुरुजींनीच घालून दिलेली आहे. वस्तीतील साठ घरे पाळीपाळीने खीर आणतात. इतरांना ती वाचनानंतर मिळते. वाचकाला मात्र पहिली वाटी वाचनापूर्वी, घसा ओला राहावा म्हणून. एकदा वाचन सुरू झाले की आसन सोडायचे नाही. तीन वेळा सोडले तर ग्रंथ दुसऱ्याच्या हाती. दुसरा म्हणजे धर्मराज, ज्याने आजवर माईकवर केवळ बियाण्यांच्या जाहिराती वाचलेल्या आहेत.

संकल्प: नव्वद दिवसांत एकदाही उठणार नाही.

त्याच दिवशी, रात्री ९.

पहिली पाळी चांगुणाबाईंची होती. त्या आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ उपासिका. बसतात माझ्या अगदी समोर. खीर दाट, वेलची घातलेली. वाचन निर्विघ्न पार पडले. स्वतःचा आवाज छतावरून परत ऐकू आला तेव्हा तो एखाद्या निर्भय स्त्रीचा वाटला. शेवटच्या दोन पानांना पोटात किंचित कळ. ही अर्थातच सभाभीती. तीन-चार दिवसांत जाईल.

शुक्रवार, ११ जुलै.

पुन्हा तसेच. आज सभाभीती नव्हती, त्यामुळे कारण शोधणे भाग पडले. विचारांती: पंख्याचा वारा. आसन दोन हात डावीकडे सरकवले.

सोमवार, १४ जुलै.

पंखा बंद करून वाचले. सर्वांना घाम आला. पोटाने आज आवाज केला. माईक जवळ असल्यामुळे तो कर्ण्यातून बाहेर पडला. सुदैवाने आभाळ गडगडले असा सर्वांचा समज झाला. चांगुणाबाईंनी सुनेला तिथूनच सांगितले, "जा जल्दी, सरपण झाक, आभाळ गरजून राह्यलं." बाहेर आभाळ स्वच्छ होते, पण पावसाळ्याचा भरवसा नसतो.

शनिवार, १९ जुलै.

लिहावे की नाही? लिहिते.

पाऊण तास झाल्यावर प्रसंग असा आला की प्रश्न निश्चयाचा राहिला नाही, अंतराचा झाला. विहाराला शौचालय नाही. आमचे घर दोन गल्ल्या पलीकडे. सर्वांत जवळचे शौचालय गुरुजींच्या अंगणात, भिंतीला भिंत लागून. माझ्या मागे भिंत, पुढे स्त्रियांच्या सहा रांगा, दार एकच आणि ते सहाव्या रांगेनंतर. "चष्मा विसरले, घेऊन येते," असे सांगून उठले. चष्मा डोळ्यांवरच होता, हे नंतर लक्षात आले. मात्र कोणाच्याही ध्यानात आलेले दिसले नाही; सर्वांनी पाय आखडून तत्परतेने वाट दिली.

गुरुजींच्या शौचालयात बादली काठोकाठ भरलेली होती. टापटिपीचे घर आहे.

उठणे: एक.

सोमवार, २१ जुलै.

उपकेंद्रात बेबीनंदा सिस्टरांना भेटले. दार लोटून, हळू आवाजात, "एका मैत्रिणीला" असा त्रास होतो म्हणून सांगितले. सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या मैत्रिणीला म्हनावं, दूध पचत न्हाई तुला. पंधरा दिवस बिलकुल बंद कर अन् मंग मला सांग. लय लोकांना असतं, त्यात लाजायचं काय?"

सिस्टरांविषयी आदर राखूनही हे निदान मला पटले नाही. दूध हे पूर्णान्न आहे, हे प्राथमिक शाळेतच शिकवले जाते. शिवाय आमच्याकडे कधीच जनावर नव्हते. लहानपणापासून घरी कोरा चहा. दूध मी जवळजवळ प्यालेलेच नाही. जी गोष्ट कधी पोटात गेलीच नाही, तिच्याशी पोटाचे वैर असेल कसे? तर्क अभेद्य आहे.

रविवार, २७ जुलै.

ओवा: गुण नाही. हिंग: गुण नाही. बडीशेप: गुण नाही. गुरुजींच्या पत्नींनी सांगितल्यावरून दुपारी पेलाभर गरम दुधात हळद. त्रास वाढला. औषध लागू पडण्यापूर्वी त्रास वाढतो, हे सर्वश्रुत आहे.

रविवार, ३ ऑगस्ट.

नवीन पद्धती: वेग. पोटाला पाऊण तास लागतो, तर वाचन अर्ध्या तासात संपवायचे. आजचा चौदा पानांचा भाग बावीस मिनिटांत पूर्ण केला. श्रोते मंत्रमुग्ध, कोणीही हालले नाही. वाचनानंतर चांगुणाबाई म्हणाल्या, "आज एसटी चुकून राह्यली व्हती का काय, बाई?" वाचनाला गती होती, ही दाद त्यांनी आपल्या पद्धतीने दिली.

गुरुजींनी मात्र उद्यापासून सावकाश वाचायला सांगितले. त्यांच्या मते शेवटच्या सहा पानांत "बुद्ध" आणि "युद्ध" यांत फरक कळत नव्हता.

गुरुवार, २१ ऑगस्ट.

आज प्रसंग विहाराबाहेर घडला. एम.ए.च्या प्रवेशानिमित्त भोकरदनला कॉलेजच्या मॅडमनी घरी बोलावून चहा दिला. दुधाचा. नाही म्हणणे अशिष्ट ठरले असते. येताना आमच्याच जीपमधून आले. माझे वडील, आप्पा, हसनाबाद मार्गावर काळी-पिवळी चालवतात. पुढच्या सीटवर मी, तातेराव मामा आणि त्यांचे खताचे पोते. मागे अकरा माणसे. हसनाबाद अजून सहा किलोमीटर असताना मला घाम सुटला. खिडकीची काच गच्च धरून मी पावकीचा पाढा म्हणायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंना सोयाबीन, गुडघाभरही नाही. आडोसा म्हणून त्याचा काहीच उपयोग नव्हता.

आणि योगायोग पाहा. नेमक्या त्याच क्षणी जीप गरम झाली! आप्पांनी एका शेतवस्तीजवळ गाडी उभी केली, बॉनेट उघडले आणि मला म्हणाले, "बाई, त्या घरून जरा पानी आन. घाई करू नको. इंजन थंड व्हायला टाइम लागन." तातेराव मामा कुरकुरले, "कालच तर सर्व्हिसिंग केलं म्हनला व्हतास, भिवा. वाफ तर कुठं दिसंना." आप्पा म्हणाले, "वाफ आत हाय."

शेतवस्तीवर शौचालय होते. पाणी आणायचे मी विसरले, पण तोपर्यंत इंजिन आपोआप थंड झाले होते. आप्पांनी गाडीचे काम एकदा नीट करून घ्यायला हवे.

शनिवार, ३० ऑगस्ट.



धोरण म्हणून आज वाटी वाचनानंतर घ्यायची ठरवले होते. पाळी झुंबरबाईंची. त्या दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जातात. दूध मिळाले नाही म्हणून हसनाबादहून दुधाच्या पावडरचा पुडा आणून त्यांनी खीर केली होती. नवे लुगडे नेसून स्वतः वाटी घेऊन आल्या. मी म्हणाले, "आज नको, घसा ठीक नाही." नेमका कालच, घसा ठीक नाही म्हणून, मी दुसऱ्या एका घरची खीर जास्त घेतली होती. हे सर्वांना ठाऊक होते.

झुंबरबाईंनी वाटी दोन्ही हातांत धरली. मग अगदी हळू म्हणाल्या, "आमच्या घरचं चालत न्हाई का, बाई? हात धुऊन केली. दोन डाव धुतले."

आमच्या वस्तीत हातातली वाटी परत जाणे म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पूर्वी गावातल्या हॉटेलात आमच्या आज्यांसाठी कप बाहेर, भिंतीला ठोकलेल्या खिळ्याला टांगलेला असे. पाणी वरून ओतत. मला वाटले, मीच तो खिळा ठोकला.

मी वाटी घेतली. संपवली. दुसरी मागून घेतली. झुंबरबाई हसल्या. त्यांना पुढचे दोन दात नाहीत, हे मला आजच कळले.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला उठले. उठणे: दोन.

यापुढे कोणाचीही वाटी नाकारणार नाही. आणि उठणारही नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा साधायच्या, हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न आहे.

रविवार, ७ सप्टेंबर.

साठ घरांची पहिली फेरी संपली. मोबाइलवर प्राणायामाचा एक व्हिडिओ सापडला: "पोटावर मनाचा ताबा, फक्त सात मिनिटांत." उद्यापासून प्रारंभ.

सोमवार, ८ सप्टेंबर.

विजय!

दुसऱ्या फेरीची सुरुवात पुन्हा चांगुणाबाईंकडून झाली. त्यांची म्हैस आटली आहे, म्हणून आज खीर गव्हाची: गूळ, ओले खोबरे, जराशी सुंठ. सायंकाळी सहाला प्राणायाम, सातला वाटी, आठपर्यंत वाचन. पोटाने एक अक्षर काढले नाही. एकाच दिवसात हा परिणाम! व्हिडिओमध्ये एकवीस दिवस सांगितले होते. माझी ग्रहणशक्ती शाळेपासूनच चांगली आहे.

चांगुणाबाई वाचनभर माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. नंतर स्वतःशीच म्हणाल्या, "असं हाय व्हय." बहुधा ग्रंथातला एखादा अर्थ आज उलगडला असावा.

शुक्रवार, १२ सप्टेंबर.

पोट: शांत. सलग पाचवा दिवस. आता माझी वाटी मोठ्या पातेल्यातून येत नाही. तांब्याची लहान वाटी, वर झाकण, वेगळी आणतात. चार निरनिराळ्या घरांनी तसेच केले. कोणी सांगितले नसताना! वाचकाविषयीचा आदर असा आपोआप वाढत जातो. खीर मात्र रोज गूळ-खोबऱ्याचीच दिसते. भाव वाढल्यामुळे लोकांनी दूध कमी केले असावे.

गुरुवार, १८ सप्टेंबर.

उपकेंद्रात मुद्दाम जाऊन बेबीनंदा सिस्टरांना सांगितले की मैत्रीण रोज खीर खाते आणि ठणठणीत आहे. निदानात घाई झाली होती, परंतु मनात किल्मिष नाही. सिस्टर तोंडाला पदर लावून बराच वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, "चांगुणामावशीनं मला इचारलं व्हतं... बरं, जाऊ दे. मैत्रिणीला म्हनावं, असंच चालू ठेव." त्यांना सर्दी झाली आहे.

शनिवार, २७ सप्टेंबर.

चार दिवस सतत पाऊस. शेतांत पाणी. कर्ण्यात पाणी शिरले, कर्ण्याविना वाचले. सहाव्या रांगेपर्यंत आवाज पोहोचला. झुंबरबाई म्हणाल्या, "आता माईक कशाला पायजे हिला?" हे वाक्य मी एरवी लिहिले नसते, पण वही माझीच आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. धम्मचक्र प्रवर्तन दिन.

पोट: पंचवीस दिवस शांत. समारोपाला वाचकाने चार शब्द बोलायचे असतात. विषय ठरवला: "मन हेच औषध." टिपणे काढली. अकरा पाने झाली.

सोमवार, ६ ऑक्टोबर.

उद्या समारोप, सकाळी अकराला. जालन्याहून भन्ते येणार. साठ घरांची मिळून एकच मोठी खीर. दूध शेजारच्या गावच्या डेअरीतून. उद्या शेवटचा भाग पूर्ण झाला की आमच्या विहारात ग्रंथ संपवणारी मी पहिली मुलगी. उठणे अजून दोनच आहे. तिसऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

एक विचार मात्र सारखा मनात येतो. मी नव्वद दिवस समतेविषयी वाचले, आणि मी स्वतः वेगळ्या भांड्यातून खाते! हा सन्मान असला तरी तत्त्वतः चूक आहे. उद्या सर्वांसमक्ष तो नाकारायचा. अकरा पानांचे भाषण रद्द. एक कृती अकरा पानांपेक्षा मोठी असते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५. आश्विन पौर्णिमा. दुपारी ४.

क्रमाने लिहिते.

११.१०: वंदना झाली. विहार भरलेला, बाहेर मंडपातही माणसे. चांगुणाबाई तांब्याची वाटी घेऊन पुढे आल्या. मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "ज्या ग्रंथापुढे आपण सर्व समान आहोत, त्या ग्रंथापुढे मी वेगळ्या भांड्यात खाणार नाही. मला सर्वांच्या पातेल्यातली खीर द्या." टाळ्यांचा कडकडाट. भन्ते प्रसन्नपणे हसले. पहिल्या दोन रांगांतील स्त्रिया मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. चांगुणाबाई दोन्ही हात हलवत "न्हाई बाई, न्हाई न्हाई" म्हणत होत्या. झुंबरबाईंनी तर माझा पदर धरला. त्या भारावून गेल्या आहेत, असे मला वाटले. मी पातेल्यातून दोन डाव घेतले. दाट, सायीची. तिसरा आग्रहाचा घेतला. आग्रह माझाच होता.

११.२५: वाचन सुरू.

११.५०: प्राणायाम, दोन वाक्यांच्या मध्ये.

११.५८: प्राणायाम, दोन शब्दांच्या मध्ये. कर्णा दुरुस्त झालेला होता. आभाळ गडगडले. या वेळी सरपण झाकायला कोणी उठले नाही.

१२.०३: दीड पान उरलेले असताना उठले. काही सांगितले नाही. सहाही रांगांनी पाय आखडले; अशा शिस्तीने, की जणू त्याचा सराव झाला होता. उठणे: तीन.

यापुढचा मजकूर गुरुजींच्या शौचालयाच्या आतून ऐकलेला आहे.

कर्ण्यावरून प्रथम धर्मराजचा आवाज आला, "गुरुजी, नियम तर नियम हाय. द्या हिकडं, दीड पान मी उरकतो." मग गुरुजींचा: "नियम म्या केल्ता. मोडतो बी मीच. ग्रंथ हितंच ऱ्हाईल, ओळीवर बोट ठेवलंय म्या. वाचक येईस्तोवर समदे बसतील." कोणीतरी कुजबुजले. त्यानंतर सबंध गावाला, एसटी स्टँडसह, ऐकू जाईल असे: "मोनाली, सावकाश ये पोरी. कोणाला घाई न्हाई. बादली कमी पडली तर आवाज दे."

मी तेथेच कायम राहण्याचा निर्णय घेतला. भिंतीला एक छोटी खिडकी आहे, तिला जाळी आहे. जाळी निघत नाही.

थोड्या वेळाने दाराबाहेर बांगड्या वाजल्या. चांगुणाबाई. म्हणाल्या की महिना झाला, तुझी खीर येगळी शिजून राह्यली. गव्हाच्या खिरीच्या दिवशी तू हालली न्हाई, तवाच मला समजलं. साठ घरांत सांगावा गेला. म्हातारी द्रौपदा, जिला ऐकू येत न्हाई, तिलाबी समजलं. अन् तालुक्यात पहिली आलेली तू, तुलाच कसं कळलं न्हाई?

मी विचारले, सांगितले का नाही. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर लाजून पुस्तकच ठिवून दिलं असतंस. अन् मंग आम्ही धर्मराजचं ऐकत बसलो असतो, बियाण्यावानी." मग म्हणाल्या, "आमच्या वक्ताला येगळं भांडं हिणवायला ठेवत. तुझं मायेनं ठेवलं व्हतं. फरक वळखायला शीक. पुस्तकात आसंल कुठं तर बघ."

मी महिनाभराचा प्राणायाम आठवला. रोज सात मिनिटे. सिस्टरांची सर्दी आठवली. आप्पांचे इंजिन आठवले. त्या जीपमध्ये रेडिएटरला काहीच झाले नव्हते, हे आता मानणे मला भाग आहे.

चांगुणाबाई निघून गेल्या नाहीत. दाराला पाठ लावून बसल्या.

शेवटचे दीड पान मी वाचले, तेही लिहून ठेवते. पावणेएक वाजता. भन्ते, गुरुजी, धर्मराज, दीडशे माणसे, सर्व तिथेच होते. खीर कोणी खाल्ली नव्हती, ती थंड झाली होती. गुरुजींचे बोट ओळीवर होते. माझा आवाज निर्भय स्त्रीसारखा नव्हता. तो माझाच होता, बारीक. भाषण झाले नाही. माझ्या हाती गुलाबाचे फूल आणि ओआरएसचे दोन पुडे देण्यात आले. पुडे बेबीनंदा सिस्टरांनी आणले होते, म्हणाल्या, "मैत्रिणीला दे."

मात्र त्याआधी, शौचालयाचे दार उघडण्यापूर्वी, आतूनच, मी विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निवेदन पाठवायचे ठरवले होते. पहिला मसुदा "सविनय जयभीम, काही अपरिहार्य प्रकृतीविषयक कारणास्तव" असा सुरू होत होता. दुसऱ्यात मैत्रीण आली. तिसऱ्यात पंखा. चौथा सहा परिच्छेदांचा झाला आणि त्यात तळटीप होती. चारही पुसले. जे प्रत्यक्षात गेले, ते येथे जसेच्या तसे उतरवते:

"मला दूध पचत नाही. आलेच."

पाठवले: मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५, दुपारी १२ वाजून ३८ मिनिटे.